चौतिसावा फेरफार

टोरोंटोला आमच्या कन्येच्या घरी, खिडकीबाहेर कंबरभर बर्फ साचलेले असताना, प्रवासी कंपन्यांची रंगीत पत्रके मेजावर पसरून सहकुटुंब खल चालला होता, आणि ज्याचे सारे आयुष्य महसूल खात्याचे छापील नमुने चाळण्यात गेले त्या माणसाच्या निर्विकार वृत्तीने मी ती चित्रे एकामागून एक उलटीत होतो. निळे पाणी, पांढरी वाळू, वाळूवर आडवी झालेली माणसे, त्यांच्या हातांत फळांच्या फोडी खोचलेले पेले. सगळी बेटे मला एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसत होती. एका पानाच्या कोपऱ्यात मात्र, जागा उरली म्हणून घातलेले असावे असे, काडेपेटीएवढे एक छायाचित्र होते: दहाबारा माणसे टाचा वाळूत रोवून, अंग मागे टाकून, एक जाड दोर समुद्रातून बाहेर ओढीत होती. त्यांच्या पाठी ज्या कोनात कलल्या होत्या तो कोन मी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून पाहत आलो होतो. "अगं, ही तर रापण!" असे मी मोठ्याने म्हणालो, आणि कॅरिबियन समुद्रातल्या कोणत्या बेटावर सुट्टी घालवावयाची हा प्रश्न, माझ्यापुरता तरी, तेथेच निकालात निघाला. बेटाचे नाव टोबॅगो. गावाचे नाव कास्टारा.

पोर्ट ऑफ स्पेनला एक रात्र काढून सकाळच्या छोट्या विमानाने वीस-पंचवीस मिनिटांत आम्ही टोबॅगोस उतरलो. विमानतळावरून मोटार केली. तिचा चालक पन्नाशीचा, बोलका आणि गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाने हाकणारा असल्यामुळे मला एकदम घरच्यासारखे वाटू लागले. आमचे चेहरे पाहून त्याने प्रथम विचारले, "त्रिनिदादचे का?" प्रश्न स्वाभाविक होता. शेजारच्या त्रिनिदादेत ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाच्या जहाजातून गिरमिटाचे पहिले भारतीय मजूर उतरले, आणि आज तेथे आपल्या तोंडवळ्याची माणसे पावलोपावली भेटतात. टोबॅगोत मात्र वस्ती जवळजवळ सगळी आफ्रिकी वंशाची, त्यामुळे भारतीय चेहऱ्याचा माणूस म्हणजे पलीकडच्या बेटावरून सुट्टीस आलेला, असाच तेथे समज होतो. आम्ही थेट भारतातले, हे कळल्यावर त्याने आरशातून आमच्याकडे नीट पाहून घेतले आणि म्हणाला, "मग अंकल, तुम्हांला सांगितले पाहिजे. हे बेट तेहेतीस वेळा या हातातून त्या हातात गेले आहे. तेहेतीस वेळा!"

हा आकडा त्याने वाटेत आणखी तीनदा सांगितला, आणि दर वेळी असा सांगितला की जणू ते हस्तांतर त्याच्या देखत झाले होते. स्पॅनिश, डच, इंग्रज, फ्रेंच यांची नावे अपेक्षितच होती. पण आजच्या लाटव्हियात मोडणाऱ्या कूरलंड नावाच्या चिमुकल्या संस्थानाच्या ड्यूकनेही १६५४ साली येथे वसाहत केली होती आणि एका उपसागरास त्याचे नाव अजून चिकटून आहे, हे ऐकून मी थक्क झालो. शेवटी १८१४ साली कागदोपत्री ते कायमचे इंग्रजांकडे गेले. मी मनाशी हिशेब करीत होतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत कज्जेदलाली करणाऱ्या भाऊबंदांचे पुष्कळ सर्व्हे नंबर माझ्या हाताखालून गेले, परंतु एका नंबरावर तेहेतीस फेरफार पडल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. आणि विशेष असे की, या तेहेतिसांपैकी एकाही फेरफारापूर्वी मूळ कब्जेदारास नोटीस बजावल्याचा शेरा कोठे आढळत नाही. ज्यांनी ऊस लावला, तोडला आणि गाळला त्यांची नावे तर इतर हक्कांच्या रकान्यातही नव्हती; ती माणसे बैल-घाण्यांबरोबर मालमत्तेच्या यादीत होती. त्यांच्या मुक्ततेचा कायदा १८३४ साली अमलात आला, पण उमेदवारीच्या नावाखाली त्यांना आणखी चार वर्षे जुन्या धन्यांकडेच राबविले, आणि ती माणसे खरोखर सुटली ती १८३८ साली.

रस्ता मोरियावरून डोंगराच्या कडेकडेने वळणे घेत जातो. एका बाजूस झाडी, दुसऱ्या बाजूस खाली समुद्र, आणि मध्येच रस्त्यावर आडवी येणारी कोंबडी. बेटाच्या कण्यावरचे अरण्य दुरून दिसत होते. ते १७७६ सालच्या एप्रिलात कायद्याने राखून ठेवले, आणि ठेवण्याचे कारण असे की झाडे राहिली तर पाऊस राहील. उसाच्या लोभाने सारे बेट भादरले जात असताना एवढी एक गोष्ट कोणाला तरी सुचली, याचे श्रेय त्या इंग्रजांना दिलेच पाहिजे. अर्थात पाऊस हवा होता तोही उसासाठीच.

कास्टारा हे गाव डोंगराच्या ओंजळीत ठेवल्यासारखे आहे. उतारावर एकावर एक घरे, तळाशी अर्धचंद्राकृती पुळण, पुळणीवर ओढून ठेवलेल्या रंगीत होड्या. आमची खोली एका विधवा बाईंच्या घराच्या वरच्या अंगास होती. मी मोटारीतून उतरताच, आपल्याकडच्या रीतीने, किल्ली कोठे मिळेल असे विचारले. बाई माझ्याकडे शांतपणे पाहत राहिल्या. मी पुन्हा विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." तेव्हा कोठे माझ्या ध्यानात आले की येथे अभिवादनाशिवाय प्रश्नास प्रवेश नाही, प्रथम सकाळ मान्य करावयाची, मग कामाचे बोलावयाचे. संध्याकाळी तर भेटताच 'गुड नाइट' म्हणतात. आपण ते शब्द निरोपासाठी राखून ठेवलेले, त्यामुळे पहिल्या दिवशी रात्री आठ वाजता एका गृहस्थांनी फाटकातून आत येता येता 'गुड नाइट' म्हटले तेव्हा, हे आल्यापावली परत का चालले, असा प्रश्न मला पडला.

बाईंनी वही पुढे केली आणि मी तीत नाव, गाव, देश लिहून सही केली. माझ्या आधीच्या रकान्यांत जर्मन, इंग्रज, कॅनेडियन नावांची रांग होती. शिळोप्याच्या गोष्टींत मी तेहेतिसाचा उल्लेख केला. बाई म्हणाल्या, "तेहेतीस, बरोबर. शाळेत तेच शिकवीत." खोलीतल्या माहितीपुस्तिकेत मात्र एकतीस छापले होते. दोन फेरफार कोठे गहाळ झाले कोण जाणे! पण त्या वहीत सही करताना माझ्या मनात असेही आले की आता ही चौतिसावी नोंद चालू आहे, आणि ती एका दिवसात पुरी होणारी नाही. रोज थोडी थोडी, खोलीखोलीने, वहीतल्या सहीसहीने ती पडत आहे. बाईंच्या आईच्या हयातीत या उतारावर कोको आणि नारळ होते. ३० सप्टेंबर १९६३ रोजी 'फ्लोरा' वादळ आले आणि बेटावरच्या बागा त्याने आडव्या केल्या. त्यानंतर पुष्कळ जमिनी पुन्हा लागवडीस आल्याच नाहीत. जेथे कोको वाळत घालीत, तेथे आता आमच्या खोलीचा सज्जा आहे, आणि सज्ज्यात झोळी टांगलेली आहे.

बस्तान बसविण्याचे काम प्रत्येकाने आपापल्या प्रकृतीप्रमाणे केले. सौभाग्यवतीने स्वयंपाकघरातली भांडी आपल्या क्रमाने लावली, तांदळाची पिशवी हुंगून पाहिली आणि पलंगावरच्या मच्छरदाणीला दोन टाके घातले. कन्या झोळीत पडली. कामधाम न करता चारचौघांत वेळ घालविण्याला हे लोक 'लाइम' म्हणतात आणि ती एक गंभीरपणे करावयाची गोष्ट मानतात, असे तिने वाचून दाखविले. "बाबा, आज काही बघायला जायचं नाही. आज फक्त आराम." मी आज्ञाधारकपणे खुर्चीत बसलो. समोरच्या झाडावर कोक्रिको नावाचे, कोंबडीच्या आकाराचे आणि फुटक्या नरसाळ्याच्या आवाजाचे, त्या बेटाचे राष्ट्रीय पक्षी एकमेकांशी भांडत होते. आणि मग तो वास आला.

सोडणांच्या धुराचा वास ज्याच्या बालपणात आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही, आणि ज्याच्या नाही त्याला सांगून समजत नाही. नारळाची सोडणे न्हाणीघराच्या चुलीत घातली की प्रथम पांढरा, ओलसर, किंचित आंबूस धूर येतो, मग सोडण पेटते आणि धुराला एक गोडवा चढतो. आईने अंगावर ओतलेल्या ऊन पाण्याला, टॉवेलाला, ओल्या केसांना, शाळेच्या सदऱ्यालासुद्धा तो चिकटून राहत असे. वेंगुर्ल्याचे आमचे घर विकले गेल्याला तीस वर्षे होऊन गेली. पृथ्वीच्या पलीकडल्या अंगास, एका परक्या खुर्चीत बसलेलो असताना तो वास नाकात शिरला आणि मी चपला घालून खाली निघालो. "दहा मिनिटांत येतो," असे मी सांगितले. मी आलो तो दिवेलागणीला.

वास येत होता पुळणीमागच्या मातीच्या भट्टीतून. उलट्या टोपलीसारखा तिचा घुमट, आत लाकडे आणि सोडणे पेटलेली. दोन बायका निखारे बाहेर ओढून, ओल्या झाडोऱ्याने तळ झाडून पाव आत सरकवीत होत्या. मी रीतसर सकाळ मान्य केली, पाव केव्हा निघेल ते विचारले, आणि तेवढ्यात माझ्या मागे, पुळणीवर, कोणीतरी शीळ घातली. दक्षिणेकडच्या खडकाळ टोकावर एक पोरगा उभा राहून अंगातला सदरा काढून फिरवीत होता. पाण्यावर घारीसारखे लांब पंखांचे काळे पक्षी घिरट्या घालीत होते आणि पेलिकन दगडासारखे धाडकन खाली पडत होते. पोराने उजवा हात लांब करून दिशा दाखविली. क्षणार्धात चार माणसांनी होडी पाण्यात लोटली.

या जाळ्याला तेथे 'सेन' म्हणतात. दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळे सोडीत सोडीत मोठी कमान घेते आणि दुसरे टोक पुळणीच्या दुसऱ्या अंगास आणून देते. मग दोन्ही टोकांवर माणसे लागतात आणि कमान किनाऱ्याकडे ओढतात. वरच्या कडेस तरंगते बोये, खालच्या कडेस शिशाची वजने, मध्ये पोट. आमच्या रापणीत आणि यात मला फरक दिसला तो एवढाच की आमच्याकडे ओढताना तोंडाने लय धरतात, येथे एकजण थट्टा करतो आणि बाकीचे हसतात, आणि हसण्याच्या मागोमाग ओढ बसते.

पण मी पाहत राहिलो तो ओढणाऱ्यांना नव्हे. आमच्या बाजूच्या दोराच्या अगदी शेवटी, वाळूवर पालथ्या घातलेल्या मासळीच्या खोक्यावर, एक वृद्ध गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना 'पॉप्स' म्हणत. ओढणारे दोर ओढीत मागे मागे येत, मागे पोचलेला माणूस दोर सोडून पुन्हा पुढे पाण्यापाशी जाई, आणि जो दोर अशा रीतीने मोकळा होऊन वाळूवर पडे तो हे म्हातारबुवा गोळा करीत. गोळा करीत म्हणजे नुसता गुंडाळीत नव्हते. डाव्या हाताने दोर जवळ घ्यावयाचा, मनगटाला एक हिसका देऊन वाळू झाडावयाची, उजव्या तळहातातून तो सरकू द्यावयाचा आणि आधीच्या वेढ्यावर बरोबर बोटभर आत असा पुढचा वेढा ठेवावयाचा. दोर कोठे पिळलेला आढळला तर वेढा ठेवण्यापूर्वी तो अंगठ्याने उलगडावयाचा. उजव्या अंगठ्याला नख नव्हते; नखाच्या जागी घोटलेल्या शिंपल्यासारखी कातडी होती. ओल्या दोराचा खारट, शेवाळी दर्प त्यांच्या कपड्यांत, दाढीत, खोक्यात मुरला होता, आणि भट्टीकडून येणारा सोडणांचा धूर त्यात मिसळत होता. एका तासात त्यांनी समुद्राकडे दोनदाही पाहिले नसेल.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. गुड मॉर्निंग म्हणण्याची वेळ टळून गेली होती म्हणून गुड आफ्टरनून म्हटले. त्यांनी मान हलविली. थोड्या वेळाने, काहीतरी बोलावे म्हणून, मी तेहेतिसाचा विषय काढला. वेढा ठेवता ठेवता ते म्हणाले, "असतील. मी मोजले नाहीत." आणि पुढचा वेढा ठेवला.

दोराला काही ठरावीक अंतरावर चिंध्या बांधलेल्या होत्या. पांढरी चिंधी त्यांच्या हातात आली तेव्हा त्यांनी नुसते 'हं' केले. पुढे बऱ्याच वेळाने तांबडी चिंधी आली. तेव्हा त्यांनी मान वर न करता एक हाळी दिली, आणि मी पाहिले की आमच्या बाजूची माणसे एकदम थांबली. पुळणीच्या दुसऱ्या अंगास, शंभर-सव्वाशे पावलांवर, तशाच एका खोक्यावर बसलेल्या दुसऱ्या माणसाने अजून हाळी दिली नव्हती. ती आली तेव्हा आमचा दोर पुन्हा हलला. दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर जाळे एका अंगास कलते आणि मासा खालून निसटतो. ते सारखे येणे राखण्याचे काम ज्याच्याकडे आहे तो माणूस ओढीतही नव्हता आणि पाहतही नव्हता. पाण्यात जाळ्याच्या कमानीवर एक तरुण तोंडाला काच लावून पोहत होता आणि खडकात अडकलेली जाळी बुडी मारून सोडवीत होता. आलेल्या प्रवाशांनी सारी छायाचित्रे त्याचीच काढली.

प्रवासी जमले होते हे सांगावयाचे राहिले. शेजारच्या खोल्यांतून पंधरावीस जण खाली आले, दोर धरण्याविषयी उत्साह दाखविला, आणि कोणी त्यांना अडविले नाही. त्यांतले काही दोर हातात धरून, चेहरा छायाचित्र काढणाऱ्याकडे वळवून, ओढल्याचा आविर्भाव करीत दोन मिनिटे उभे राहत आणि मग पेयासाठी जात. मला ते आवडले नाही, हे मी लपवीत नाही. तथापि एक धिप्पाड जर्मन बाई पहिल्या खेपेपासून शेवटपर्यंत, एक अक्षर न बोलता, बैलासारखी ओढीत राहिली, आणि गावच्या माणसांनी तिला आपल्या रांगेत असे सामावून घेतले की जणू ती तेथेच जन्मली. तेव्हा सरसकट विधान करण्यात अर्थ नाही.

मी स्वतः दोर धरीन असे ठरविले नव्हते. वय अडुसष्ट, कन्येचा आरामाचा हुकूम, शिवाय नोकरीत असल्यापासून हाताने करावयाच्या कामापासून चार पावले दूर उभे राहून त्याची नोंद घेण्याची सवय. रापणकारांच्या कामाशी माझा संबंधही तसलाच आला होता. यांत्रिक होड्यांनी आणि पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी खोल पाण्यातच मासळीचे थवे उचलल्यामुळे किनाऱ्यावर ओढणाऱ्यांच्या जाळ्यात काही उरत नाही, अशा तक्रारींचे अर्ज एका कचेरीत मी टेबलावर घेतले आहेत; गोव्यात तर सत्तरच्या दशकात रापणकारांनी याच कारणासाठी चळवळ उभारली, आणि महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारीचा नियमन कायदा आला. अर्जावर आवक क्रमांक घालावयाचा, 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर' असा शेरा मारावयाचा आणि वर पाठवावयाचा. कित्येक अर्जांवर सह्यांऐवजी अंगठे होते. त्या अंगठ्यांकडे मी कधी निरखून पाहिल्याचे स्मरत नाही.

पॉप्सनी माझ्याकडे न पाहताच विचारले, "तुमच्या गावी दोर आहे?" मी म्हणालो, "आहे. असाच." "मग उभे का?"

मी दोर धरला. पुढे, पाण्यापाशी, जेथे सगळे छायाचित्रासाठी धरतात तेथे नव्हे, तर शेवटच्या माणसाच्या मागे, पॉप्सच्या खोक्यापासून दोन हातांवर. सुरुवातीस मी हातांनी ओढू लागलो आणि पुढच्या पोराने मागे वळून, मोठ्या अदबीने, "अंकल, पायांनी," असे म्हटले. खरेच होते, हात नुसते आकड्यासारखे, वजन टाचांवर. वेंगुर्ल्यास मुले म्हणून आम्ही रापणीच्या शेपटाला लोंबकळत असू तेव्हा कोणीतरी हेच, फक्त शिवीसकट, सांगितले होते. दोर एकदम येत नाही. आधी काहीच हलत नाही, मग वीतभर सुटतो, मग पुन्हा थिजतो, आणि त्या थिजण्याच्या वेळी लाटेचा ओढा तळव्यांना कळतो. समुद्र आपला दोर परत मागतो. पंधरा मिनिटांत माझे तळहात लालभडक झाले, आणि मी मागे येऊन दोर सोडला की तो पॉप्सच्या नखविरहित अंगठ्यातून सरकत वेढ्यात जाऊन पडे.

दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकल्या आणि जाळ्याचे पोट उथळ पाण्यात आले तेव्हा पाणी उकळल्यासारखे दिसू लागले. पेलिकन माणसांच्या खांद्यांवरून झेपा टाकीत होते. आत बांगड्याच्या वळणाचे पण अधिक गोल अंगाचे मासे, थोडे मोठे बोनिटो, आणि बोटाएवढ्या जॅक्सची चांदीची रास. दोन होडीभर येईल असे मला वाटले होते. निघाले आठ-नऊ खोकी. "बरे आहे" असे एकजण म्हणाला, आणि दुसरा म्हणाला, "बरे म्हणजे, कालच्यापेक्षा." येथेही मासा पूर्वीसारखा राहिला नाही हे मला कोणी मुद्दाम सांगितले नाही, खोकी मोजताना त्यांच्या चेहऱ्यांवर ते होते.

मग पॉप्स उठले. खोक्यामागून त्यांनी एक मोठा गुलाबी तोंडाचा शंख काढला, त्याचे छाटलेले टोक ओठांस लावले आणि तीन वेळा फुंकला. मासळी आली, विकत घ्यावयास या, अशी गावास ती दवंडी. आवाज डोंगरावर आपटून परत आला. वर सज्ज्यात बसलेल्या सौभाग्यवतीने तो शंख ऐकून नकळत हात जोडले, असे नंतर कन्येने सांगितले. आणि जोडल्यावर, देऊळ कोठे आहे, असे विचारले.

वाटणी भराभर झाली. होडीचा, जाळ्याचा, तेलाचा असे वाटे प्रथम निघाले, मग हातांचे. आमच्याकडे रापणीचे वाटे असेच निघतात, फक्त तेल हा नवा भागीदार. ज्याने दोर ओढला त्याला मासा, हा त्यांचा नियम. दोन मिनिटे ओढणाऱ्यांनाही कोणी वगळले नाही, जर्मन बाईला मात्र दोन बोनिटो मिळाले आणि ती लाजली. रात्री घरधनीण बाईंनी सांगितले की त्यांच्या लहानपणी शेतीची कामेसुद्धा अशीच होत: आज याच्या रानात सगळे, उद्या त्याच्या, मजुरी नाही, जेवण मात्र. त्याला ते 'लेन-हँड' म्हणतात. मी त्यांना आमच्या इर्जिकेविषयी सांगितले. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा उच्चारून पाहिला, त्यांना 'र्जि' काही जमला नाही, आणि आम्ही दोघेही हसलो.

माझ्या वाट्याचे मासे केळीच्या पानावर ठेवून पॉप्सनी स्वतः आणून दिले. मी पैसे देऊ केले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्यावरून ती नोट खिशात परत घालणे किती अवघड असते ते मला कळले. नंतर ते पुन्हा खोक्यावर बसले. सगळे गेले, प्रवासी गेले, खोकी गेली, तरी ते तेथेच होते. कारण दोराचे शेवटचे चाळीसएक हात घाईत गुंतून पडले होते आणि ते उलगडल्याशिवाय उद्या होडी निघणार नव्हती. मी पाव घेऊन परत जाताना वळून पाहिले तेव्हा अंधारात त्यांच्या मनगटाचा हिसका तेवढा दिसत होता.

बोटे दुखत असल्यामुळे त्या रात्री मी मच्छरदाणी सौभाग्यवतीकडून खोचून घेतली.

वाचकांपैकी कोणी कास्टारास गेलाच, तर त्याने आधी सकाळ-दुपार जी काय असेल ती मान्य करावी, कॅमेरा खोलीत ठेवावा, आणि दोर धरावयाचा तर शेपटाकडून धरावा. तेथे जागा नेहमी मोकळी असते.